बेत आणि बर्फ

प्रवासाची कथा बहुधा निघण्याच्या दिवसापासून सांगितली जाते. धक्क्यावर जमलेली माणसे, सुटलेला दोर, हळूहळू मागे सरणारा किनारा असे चित्र आरंभी रंगवले की ऐकणाऱ्याचे मन प्रवासाला लागते. परंतु ज्या वाटेवर गाव नाही, धर्मशाळा नाही आणि चुकल्यास दिशा विचारायला माणूस नाही, त्या वाटेचा खरा आरंभ धक्क्यावर होत नाही. तो कित्येक महिने आधी, फार दूर, एखाद्या कचेरीत नकाशावर वाकलेल्या चारदोन माणसांच्या बोलण्यात झालेला असतो. प्रवासाचा हा पूर्वार्ध कागदावर घडतो आणि म्हणूनच तो लवकर विसरला जातो. उत्तरार्धात यश आले तर ते चालणाऱ्याच्या पायांचे म्हणून गाजते. अपयश आले तर तेही पुष्कळदा त्याच्याच माथी मारले जाते. या विसरल्या जाणाऱ्या पूर्वार्धाचा इतिहास एका विलक्षण पर्वताच्या निमित्ताने पाहण्यासारखा आहे.

तो पर्वत म्हणजे एरेबस. दिल्लीपासून सुमारे तेरा हजार किलोमीटर अंतरावर, अंटार्क्टिका खंडाच्या कड्याकपारींच्या किनाऱ्याला लागून असलेल्या रॉस बेटावर तो उभा आहे. त्याची उंची ३७९४ मीटर. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी त्याचा माथा आणखी पाचशे मीटर वर राहील. त्याच्या अंगावर हिमनद्यांचे जाड आवरण आहे आणि माथ्यावरच्या विवरात तापलेल्या लाव्हारसाचे तळे सतत धगधगत असते. पायथ्याशी समुद्र आहे, पण वर्षाचा बराच काळ तोही गोठलेला. उन्हाळ्यातले मोजके आठवडे त्या किनाऱ्यावर जहाज पोचू शकते. मग दार पुन्हा बंद होते. ग्रीक पुराणात पाताळातील अंधाराला एरेबस म्हणतात. अशा स्थळी जाण्याचा बेत आखायचा म्हणजे पहिला प्रश्न जायचे कसे हा नसतो. परत यायचे कसे, येथून बेताला सुरुवात होते.

एरेबसचा शोध जानेवारी १८४१ मध्ये लागला, आणि तो एका वेगळ्याच योजनेचे उपफळ म्हणून लागला. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात होकायंत्राच्या सुईने युरोपातील शास्त्रज्ञांना भंडावून सोडले होते. सुई खऱ्या उत्तरेपासून ठिकठिकाणी कमीअधिक ढळते आणि एकाच ठिकाणीही ती वर्षानुवर्षे स्थिर राहत नाही, याचा उलगडा होत नव्हता. समुद्रावर ज्यांचे साम्राज्य उभे होते त्यांना हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. जर्मन गणितज्ञ गाऊस याने पृथ्वीच्या चुंबकत्वाची गणिती मांडणी केली आणि दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव कोठे असावा हेही अनुमानाने सांगितले. त्यावरून इंग्लंडमध्ये एक मोठी योजना आकाराला आली. जगाच्या अनेक भागांत चुंबकीय वेधशाळा काढाव्यात, ठरलेल्या दिवशी सर्वांनी एकाच क्षणी सुईच्या नोंदी घ्याव्यात, आणि दोन जहाजे दक्षिणेच्या अज्ञात समुद्रात पाठवावीत, असे तिचे स्वरूप होते.

या योजनेचा एक धागा थेट मुंबईला येऊन पोचतो. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, शिमला, सिंगापूर या ठिकाणांबरोबर मुंबईच्या कुलाब्यालाही चुंबकीय नोंदींची व्यवस्था केली. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होती. तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली ती १८४१ साली. ज्या वर्षी एरेबस प्रथम दृष्टीस पडला, तेच हे वर्ष. ज्यांना महाराष्ट्र केरोनाना म्हणून ओळखतो ते गणिती केरो लक्ष्मण छत्रे त्या काळात तरुण वयात याच वेधशाळेत नोकरीस होते. एकीकडे बर्फातून वाट काढणारी जहाजे आणि दुसरीकडे कुलाब्याच्या खडकाळ टोकावर घड्याळाकडे पाहून सुईची नोंद करणारी माणसे, ही दोन्ही एकाच बेताची अंगे होती. इतिहासाने पहिल्यांची आठवण ठेवली, दुसऱ्यांची फारशी ठेवली नाही.

जहाजांचे नेतृत्व जेम्स क्लार्क रॉस याच्याकडे होते. उत्तरेचा चुंबकीय ध्रुव त्याने १८३१ मध्येच गाठला होता. त्याला दिलेल्या दोन जहाजांची नावे ‘एरेबस’ आणि ‘टेरर’. ती मूळची तोफगोळे फेकणारी युद्धनौका या जातीची. जड उखळी तोफेचा धक्का सोसावा म्हणून त्यांचे सांगाडे अतिशय मजबूत बांधलेले असत. जे लाकूड तोफेचा धक्का सोसते ते बर्फाची मिठीही सोसेल, असा विचार करून त्यांची निवड झाली. वेग, डौल किंवा आकार पाहून नव्हे, तर संकटाचे नेमके स्वरूप ओळखून साधन निवडणे, हा नियोजनाचा पहिला धडा या निवडीत आहे.

दुसरा धडा टास्मानियातील होबार्ट बंदरात मिळाला. तेथे पोचल्यावर रॉसला समजले की, फ्रेंच आणि अमेरिकन मोहिमा, ज्या बाजूने त्याला जायचे होते त्याच बाजूने, आधीच दक्षिणेकडे जाऊन आल्या आहेत. हातात लेखी सूचना होत्या, पण नवी माहिती आली होती. रॉसने आपला मार्ग पूर्वेकडे सरकवला. या बदलामुळे तो त्या समुद्रात शिरला ज्याला आज त्याचे नाव आहे. जानेवारीच्या आरंभी जहाजे तरंगत्या बर्फाच्या पट्ट्यात घुसली, काही दिवसांत पलीकडच्या मोकळ्या पाण्यात निघाली, आणि महिन्याच्या अखेरीस खलाशांना समोर बर्फाने झाकलेला एक प्रचंड डोंगर धूर आणि ज्वाळा ओकताना दिसला. रॉसने त्याला आपल्या जहाजाचे नाव दिले. चुंबकीय ध्रुव मात्र जमिनीवर, दूर आत होता. जहाजाने तेथे पोचणे शक्य नव्हते. रॉसने तो नाद सोडला आणि माणसे परत आणली.

‘एरेबस’वर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून जोसेफ हूकर नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पुढे १८४८ मध्ये तो हिंदुस्थानात आला, सिक्कीमच्या हिमालयात हिंडला, आणि भारतीय वनस्पतींचा सात खंडांचा कोश त्याच्या संपादनाखाली सिद्ध झाला. ज्या डोळ्यांनी एरेबसचा पहिला उद्रेक पाहिला, त्याच डोळ्यांनी पुढे कांचनजंगाही न्याहाळला. त्या दोन जहाजांचे पुढचे दैव मात्र दारुण होते. १८४५ मध्ये तीच जहाजे सर जॉन फ्रँकलिनच्या हाताखाली उत्तर ध्रुवसमुद्रात गेली आणि कोणीही परत आले नाही. त्यांचे अवशेष अनुक्रमे २०१४ आणि २०१६ मध्ये समुद्रतळाशी सापडले. जहाजे तीच होती, लाकूडही तेच होते. मजबूत साधन म्हणजे सुरक्षित प्रवास नव्हे, हे त्यावरून दिसते.

एरेबसच्या माथ्यावर माणसाचे पाऊल पडले ते सदुसष्ट वर्षांनी, १० मार्च १९०८ रोजी. अर्नेस्ट शॅकल्टनची मोहीम रॉस बेटावर तळ ठोकून होती. दक्षिणेची वाट मोकळी नव्हती, हिवाळा जवळ येत होता, आणि हाताशी थोडे दिवस रिकामे होते. तेव्हा ज्वालामुखी चढून पाहावा असे ठरले. हा बेत जवळजवळ एका दिवसात आखला गेला आणि ५ मार्चला सहा जण निघाले. भूशास्त्रज्ञ एजवर्थ डेव्हिड, डग्लस मॉसन आणि डॉक्टर अ‍ॅलिस्टर मॅके या तिघांनी शिखर गाठायचे आणि उरलेल्या तिघांनी त्यांना मदत करून वाटेतून परतायचे, अशी योजना होती. शिखरवीरांसाठी अकरा दिवसांची आणि मदतनिसांसाठी सहा दिवसांची शिधासामग्री घेतली होती.

प्रत्यक्षात काय घडले? मदतनीसही शिखराकडे निघाले. ओझे कमी व्हावे म्हणून तंबूचे खांब खाली ठेवले गेले. वर हिमवादळाने गाठले आणि एक दिवसाहून अधिक काळ सर्वांना झोपण्याच्या पिशव्यांतच पडून राहावे लागले. सर फिलिप ब्रॉकलहर्स्ट याचा एकविसावा वाढदिवस याच चढाईत साजरा झाला; त्याची पायाची बोटे हिमदंशाने गेली आणि पुढे अंगठा कापावा लागला. शिखर सर झाले, विवराचे मोजमाप झाले आणि सर्व जण जिवंत परतले, हे खरे. परंतु ते बेताच्या गुणाने परतले असे म्हणणे कठीण आहे. डेव्हिड, मॉसन आणि मॅके हेच तिघे पुढच्या जानेवारीत, १९०९ मध्ये, शेकडो मैल घसरगाड्या ओढत त्या दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या जागेपर्यंत पोचले, जिच्यासाठी रॉस निघाला होता. सत्तर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेला एक संकल्प अशा रीतीने पुरा झाला.

आता दिल्लीकडे वळू. स्वतंत्र भारताच्या राजधानीत अंटार्क्टिकाचा विचार प्रथम आला तो मोहिमेच्या रूपाने नव्हे, तर प्रश्नाच्या रूपाने. १९५६ साली भारताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे अंटार्क्टिकाचा प्रश्न ठेवावा अशी सूचना केली. सात राष्ट्रांनी त्या खंडाच्या तुकड्यांवर आपापला हक्क सांगितला होता आणि अणुस्फोटांच्या चाचण्यांचे ते युग होते. हा ओसाड खंड शांततेच्या कामासाठीच वापरला जावा, तेथील अणुस्फोटांनी जगाच्या हवामानात बिघाड होऊ नये, अशी भारताची भूमिका होती. ज्या देशाचे पोट दक्षिणेच्या समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांवर चालते, त्याने ही काळजी करावी हे स्वाभाविकच होते. हक्क सांगणाऱ्या राष्ट्रांचा विरोध झाला आणि विषय मागे घेण्यात आला. १९५८ मध्ये तो पुन्हा मांडला गेला आणि पुन्हा मागे घेतला गेला. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. त्या बारांत भारत नव्हता. पण शांततेचा जो आग्रह दिल्लीने धरला होता, तो त्या करारात होता.

एखाद्या भारतीयाने तेथे जायचे तर त्या काळी दुसऱ्यांच्या मोहिमेतून जावे लागे. गिरिराजसिंह सिरोही हे वनस्पती-शरीरक्रियेचे अभ्यासक असेच १९६० साली अमेरिकन तुकडीबरोबर गेले. एरेबसच्या पायथ्याशी असलेल्या मॅकमर्डो तळावरून ते दक्षिण ध्रुवावर पोचले. पुढे दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग मोठा मनोरंजक होता. दिवसरात्रीप्रमाणे चालणारी सजीवांची लय त्यांच्या आतूनच येते, की पृथ्वीच्या फिरण्याने घडते? हे पाहण्यासाठी त्यांनी घेवड्याची रोपे, फळमाश्या, बुरशी आणि हॅमस्टर नावाचे उंदरासारखे प्राणी ध्रुवावर नेऊन, पृथ्वीच्या उलट दिशेने दिवसाला एक फेरा घेणाऱ्या फिरत्या पाटावर ठेवले. अशा पाटावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम नाहीसा होतो. तरी त्यांची लय चालूच राहिली. घड्याळ आतच होते. अंटार्क्टिकातील एका भूशिराला आज सिरोही यांचे नाव आहे. त्यानंतर अहमदाबादचे परमजितसिंह सेहरा १९७१ ते १९७३ या काळात सोव्हिएत मोहिमेबरोबर तेथे राहिले आणि त्यांनी तेथला हिवाळाही काढला. परक्याच्या बेतात पाहुणा म्हणून जाण्याचा हा काळ जवळजवळ वीस वर्षांचा होता.

भारत स्वतःचा बेत आखण्याच्या उंबरठ्यावर असतानाच एरेबसवर असे काही घडले की, नियोजन हा शब्द उच्चारणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावे. १९७७ पासून न्यूझीलंडहून अंटार्क्टिकाच्या दर्शनासाठी विमानफेऱ्या निघत. विमान कोठे उतरत नसे. आकाशातूनच बर्फाचे राज्य दाखवून संध्याकाळी परतत असे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी ऑकलंडहून सुटलेले असे एक विमान दुपारी एरेबसच्या खालच्या उतारावर आदळले. विमानातील सर्व २५७ माणसे मृत्युमुखी पडली.

विमान धडधाकट होते आणि वैमानिक अनुभवी होते. आपल्यासमोर सखल समुद्रबर्फ आहे असे त्यांना वाटत होते. वर ढगांचे छत असले आणि खाली अखंड बर्फ असला म्हणजे प्रकाश असा विखुरतो की, सावली उरत नाही आणि समोरचा चढता उतार सपाट पसरल्यासारखा भासतो. परंतु विमान त्या उताराच्या रोखाने गेलेच कसे? याचे उत्तर आकाशात नव्हते. ते कचेरीत होते. मार्गातील अखेरच्या टप्प्याच्या रेखांशात पूर्वी एक अंक चुकून पडला होता, १६६ च्या जागी १६४. त्या चुकीमुळे संगणकातला मार्ग पर्वताच्या पश्चिमेला, मॅकमर्डो सामुद्रधुनीच्या सपाट बर्फावरून जात होता. वैमानिकांना माहिती देताना हाच मार्ग दाखवला गेला. चौकशीत असेही पुढे आले की, मुख्य वैमानिकाने आदल्या रात्री घरी नकाशा पसरून तो मार्ग स्वतः आखून पाहिला होता. त्याच रात्री उशिरा कोणीतरी आकड्यांची दुरुस्ती केली. मार्ग चाळीसहून अधिक किलोमीटर पूर्वेकडे सरकला आणि थेट एरेबसवरून जाऊ लागला. दुरुस्ती झाली, पण वैमानिकाला कोणी कळवले नाही.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. आधीचा आकडा चुकीचा होता आणि तो सुरक्षित होता. नंतरचा आकडा बरोबर होता आणि तो घातक ठरला. आकडा दुरुस्त करणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे चांगलेच काम केले असेल. परंतु त्याच्या टेबलावर जो कागद बरोबर झाला, तो चालणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत अपुराच होता. १९८० सालच्या अपघात-निरीक्षकांच्या अहवालाने वैमानिकाच्या खाली उतरण्याच्या निर्णयावर बोट ठेवले. १९८१ साली न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या चौकशी आयोगाने मात्र मुख्य कारण म्हणून न कळवलेल्या त्या बदलाकडे निर्देश केला. विमान कंपनीने माहिती दडवल्याच्या त्यांच्या निष्कर्षाबद्दल पुढे न्यायालयांत वाद झाला आणि संबंधितांना आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती असे ठरले. अपघाताच्या कारणाविषयीचा त्यांचा निष्कर्ष मात्र उभा राहिला. न्यूझीलंडच्या सरकारने मृतांच्या कुटुंबीयांची रीतसर क्षमा मागितली ती चाळीस वर्षांनी, २०१९ मध्ये.

या दुर्घटनेची एक सावली दिल्लीवरही पडली. या फेऱ्यांत प्रवाशांना भूप्रदेशाची माहिती सांगण्यासाठी एखादा जाणकार बरोबर असे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी हे काम केले होते. त्या दिवशी त्यांच्या जागी त्यांचे मित्र पीटर मलग्रू गेले होते. १९५८ च्या जानेवारीत जी तुकडी ट्रॅक्टर हाकत दक्षिण ध्रुवावर पोचली, तिच्यात हे दोघेही होते. मलग्रू परतले नाहीत. पुढे १९८५ ते १९८९ या काळात हिलरी न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत राहिले. राजधानीने त्यांचे एव्हरेस्टवीर म्हणून कौतुक केले; त्यांच्या आयुष्यातला दुसरा पर्वत फार थोड्यांच्या ध्यानात असेल.

भारताच्या पहिल्या स्वतंत्र मोहिमेचा बेत दिल्लीत शिजला तो १९८१ साली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या अखत्यारीत महासागर विकास विभाग स्थापन झाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सय्यद झहूर कासिम हे त्याचे सचिव झाले आणि मोहिमेचे नेतृत्वही त्यांच्याकडेच आले. बेत आखणाराच बर्फावर जाणार, अशी ही व्यवस्था होती. टेबल आणि वाट यांतले अंतर तिने आपोआप कमी केले.

काळाचे गणित कठोर होते. अंटार्क्टिकाचा किनारा जानेवारी-फेब्रुवारीत मोकळा मिळतो. त्या मुदतीत पोचून, काम उरकून, समुद्र गोठण्यापूर्वी निघायचे तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंदर सोडले पाहिजे. म्हणजे विभाग स्थापन झाल्यापासून जहाज सुटेपर्यंत जेमतेम पाच महिने. बर्फ फोडू शकणारे जहाज देशाकडे नव्हते; नॉर्वेचे ‘पोलर सर्कल’ भाड्याने घेण्यात आले. माणसे निवडली ती निरनिराळ्या खात्यांतून: भूवैज्ञानिक सर्वेक्षण, हवामान खाते, समुद्रविज्ञान संस्था, नौदल. १९६५ साली एव्हरेस्ट चढलेले भूवैज्ञानिक चंद्रप्रकाश व्होरा हे उपनेते होते. समुद्र जाणणारा नेता आणि हिमनदी जाणणारा उपनेता, ही जोडी विचारपूर्वक जमवलेली दिसते. मोहिमेचा खरा उद्देश जाहीर न करता ही सारी तयारी चालली.

६ डिसेंबर १९८१ रोजी एकवीस जणांना घेऊन जहाज गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाले. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाऊल ठेवले. २१ फेब्रुवारीला ते गोव्यात परतले. एकवीस गेले आणि एकवीस आले. हे वाक्य शुष्क वाटेल, पण नियोजनाच्या इतिहासात याहून मोठी प्रशस्ती नाही.

त्यांनी निवडलेला किनारा एरेबसच्या बाजूचा नव्हता. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे, सुमारे बारा अंश पूर्व रेखांशावर, खंडाची जी बाजू येते ती भारताने पत्करली. एखादे शिखर जिंकून झेंडा रोवण्याचा हा बेत नव्हता. वर्षानुवर्षे जाता-येता येईल, नोंदी घेता येतील, अशी जागा हवी होती. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला करारातील निर्णयाधिकार मिळाला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याचा प्रश्न ऐकून घेतला गेला नव्हता, तो आता उत्तर ठरवणाऱ्यांच्या पंगतीत बसला.

याचा अर्थ दिल्लीचा प्रत्येक अंदाज अचूक ठरला असा नव्हे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले कायमचे ठाणे उभारले ते समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या पठारावर. दरवर्षी त्यावर नवा बर्फ साचत गेला आणि ठाणे हळूहळू त्याखाली बुडाले. १९९० मध्ये ते बंद करावे लागले. परंतु त्याआधीच, १९८९ मध्ये, खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ हे दुसरे ठाणे तयार झाले होते. पहिल्या बेतातली उणीव ओळखली गेली, वेळेत ओळखली गेली आणि ती पुढच्या तुकडीपर्यंत पोचली. २०१२ मध्ये ‘भारती’ हे तिसरे ठाणे सुरू झाले, तेही खडकावरच. चूक होणे हे नियोजनातले महापातक नव्हे. झालेली दुरुस्ती ज्याच्या जिवाशी निगडित आहे त्याला न कळवणे, हे महापातक होय.

आज दिल्लीतील एखाद्या मंडळीने एरेबसचे दर्शन घेण्याचा बेत केलाच, तर त्यांना काय करावे लागेल? प्रथम कॅलेंडर पाहावे लागेल. तो समुद्र आजही मोजकेच आठवडे मोकळा मिळतो. भारतातून निघणाऱ्या मोहिमांसाठी संसदेने २०२२ साली भारतीय अंटार्क्टिक कायदा केला असून, परवाने देण्याचे काम पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आहे. १९८१ सालच्या त्या विभागाचेच हे पुढचे रूप. काय नेणार, काय परत आणणार, कचरा कोठे जाणार आणि संकट आले तर कोण सोडवणार, या प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी द्यावी लागतात. रॉसला हे प्रश्न कोणी विचारले नव्हते. मधल्या पावणेदोनशे वर्षांनी ते विचारायला शिकवले. आणि एरेबसच्या उत्तर उतारावर, जेथे ते विमान पडले, ती जागा मृतांचे स्मरण म्हणून संरक्षित आहे.

कुलाब्याच्या वेधशाळेचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुया बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावण्यापूर्वीच नवी जागा शोधली. १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात चुंबकाला ओढणारा कोणताही पदार्थ नसावा म्हणून पोरबंदरचा दगड पारखून आणला गेला. जुनी आणि नवी वेधशाळा मिळून दोन वर्षे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, म्हणजे साखळीत खंड पडू नये. बर्फ नाही, ज्वालामुखी नाही, टाळ्या वाजवणारी गर्दीही नाही. पण येणारे संकट आधी ओळखणे आणि आपल्यामागून येणाऱ्याच्या हातात अखंड धागा देणे, हे नियोजनाचे दोन्ही गुण येथे एकत्र आढळतात. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसे आज अलिबागलाही नोंदी घेतात आणि अंटार्क्टिकातील भारतीय ठाण्यांवरही. ज्या योजनेतून एरेबस सापडला, तिचे काम अद्याप चालू आहे.

राजधानीतल्या कचेऱ्यांत आजही अशा प्रवासांचे कागद फिरत असतात: कोणी हिमालयातील चौकीला धान्य पाठवतो, कोणी समुद्रातील जहाजाला दिशा देतो, कोणी ठाण्यावर हिवाळा काढणाऱ्यांच्या औषधांची यादी तपासतो. त्या कागदावरचा एखादा आकडा बदलताना, हा आकडा आता कोणाच्या हातात आहे आणि त्याला बदल कळला आहे काय, एवढा प्रश्न विचारण्यास क्षणभर पुरतो. त्या क्षणाची किंमत किती असू शकते, हे एरेबसच्या उतारावर लिहिलेले आहे.